शेजारी एक रुपया

डॉक्टर म्हणाली होती, डागाशेजारी नाणं ठेवून फोटो काढा,
म्हणजे केवढा आहे ते मला कळेल.
तेव्हापासून हा एकच रुपया
माझ्या कोपरावर, पोटरीवर, कमरेवर हिंडतो आहे.
कानामागे टिकत नाही. तिथे वेदांगी नखाने दाबून धरते.
खर्चला जाऊ नये म्हणून त्याला काकणांच्या पेटीत
वेगळा कप्पा दिलाय.

दर महिन्याचा दुसरा मंगळवार.
रिवणला आमच्या घरात फोन मुका,
म्हणून पाण्याच्या टाकीमागे, काजूच्या सावलीला जायचं,
तिथे रेंजच्या दोन काठ्या उभ्या राहतात,
कधी तीन, वारा बरा असला तर.
उलट्या घमेल्यावर मी बसते,
आणि काचेत उगवते डॉक्टर लुर्डीस,
आधी कपाळ, मग आवाज, मग बाकीची.

पूर्वी मीच जायची. पहाटेची बस, मडगावला दुसरी,
नंबर लावून बाकावर दुपार.
आणि हे डाग म्हणजे आगाऊ पोर,
घरात थयथयाट, परक्यापुढे गप्प.
आत पोचेपर्यंत लाली उतरलेली असायची.
आता मी रात्री दोन वाजताही त्यांना पकडते,
उशीवर पडलेल्या कोंड्यासकट.
फोनमध्ये चवथीच्या माटोळीचे फोटो,
त्यांच्या मधोमध माझं कोपर,
मग पुतण्याचं बारसं, मग परत कोपर.
खाज मात्र फोटोत येत नाही.
ती मी सांगते. डॉक्टर खाली मान घालून लिहून घेते.

माझा धंदा हात धरण्याचा.
साबणाच्या पाण्यात दुसरीचा हात घ्यायचा,
अंगठ्याचं हाड आत दाबायचं,
ती "आई गे" म्हणायच्या आत काकण पलीकडे.
तीस वर्षांत किती हात, मोजले नाहीत.
पण माझ्याच बोटांवर खवले आले, तेव्हा
शिरोडकरांच्या विहीणबाई दारातच म्हणाल्या,
"चुड्याक आमी दुसरीक सांगलां गो. तूं जेवपाक यो."

मी गेले. जेवले.
पानावर वाढणारी
माझ्या हातापासून पळी उंच धरून वाढत होती.

हे लागत नाही कोणाला, डॉक्टरने तसं लिहूनही दिलं,
फोनवरच आलं, सहीसकट.
वेदांगीने त्याची प्रत काढून आणली.
पण कागद पुढे करून हात कसा मागायचा?
तो पेटीच्या तळाशी आहे, हिरव्या काकणांखाली.

मलम किती लावायचं तेही तिने काचेतूनच शिकवलं:
बोटाच्या शेवटच्या पेराएवढं, त्याहून जास्त नाही.
थंडीत वाढेल, घाबरू नका. झोपा.
सगळं जाईल असं ती कधीच म्हणाली नाही,
म्हणून तिचं बाकीचं मला खरं वाटतं.

या मंगळवारी डाग रुपयाच्या आत होता.
पहिल्यांदाच. नाण्याने त्याला झाकलं असतं.
डॉक्टर बराच वेळ फोटो बघत राहिली,
मग एकदम म्हणाली, "शालनबाय, भाचीचं लग्न आहे माझ्या.
मला कितीची काकणं होतील?"
आणि तिने पंजा पसरून काचेपुढे धरला.

रोज शेकडो कातडी वाचणारा तो हात
मी आज पहिल्यांदा बघत होते.
बोटं लांब, सांधे रुंद, करंगळीला जुनी खूण.
दोन-चार म्हणावं तर अडेल,
दोन-सहा कदाचित गळेल.
हात हातात असता तर
डोळे मिटून सांगितलं असतं.

टाकीतून पाणी ठिबकत होतं.
रेंजची एक काठी पडली, पुन्हा उभी राहिली.

"असं नाही कळायचं," मी म्हटलं,
"शेजारी एक नाणं ठेवा."

ती ड्रॉवर धुंडाळत होती,
तेवढ्यात चित्र थिजलं.